नालासोपारा-विरार : स्वस्त घरांच्या उपनगराचा इतिहास

नालासोपारा आणि विरार ही पश्चिम रेल्वेवरची, वसई तालुक्यातली लागोपाठची दोन स्थानके. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटरवर, नालासोपारा त्याच्या एक स्थानक अलीकडे. १९८० नंतरच्या तीन दशकांत मुंबईतल्या चाळीतून, झोपडीतून किंवा भाड्याच्या खोलीतून निघून ज्यांनी पहिले मालकीचे घर घेतले, त्यांतल्या फार मोठ्या वर्गाने ते इथे घेतले. त्याच काळात या भागाचे नाव गुंडगिरी, टँकर, बेकायदा इमारती आणि आत शिरता न येणारी लोकल यांच्याशी जोडले गेले. इथली स्वस्ताई आणि इथली बदनामी यांची मुळे एकाच ठिकाणी आहेत : जमिनीच्या कागदांत आणि मुंबईच्या घरकायद्यांत.

बदनामी अलीकडची आहे. गाव फार जुने. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या ‘बुरूड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात, तर नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार हटला. १५३४ ते १७३९ या काळात वसई प्रांत पोर्तुगीजांकडे, नंतर मराठ्यांकडे होता. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावे जोडून रेल्वे स्थानकाला नालासोपारा हे नाव मिळाले.

रेल्वे इथे लवकर आली. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते मुंबईतील बॅकबे अशी दिवसाला एक गाडी जाऊ-येऊ लागली. तरी पुढची शंभर वर्षे विरार उपनगर झाले नाही. रेल्वेने माणसांपेक्षा माल जास्त नेला : पश्चिमेकडच्या वाड्यांतली पाने, फुले, भाजी, दूध, राजेळी केळी आणि ती वाळवून केलेली सुकेळी. विहिरींना गोडे पाणी होते आणि रहाटावर बागा पिकत होत्या. पूर्वेकडे, तुंगारेश्वराच्या डोंगरापर्यंत, भातशेती, दलदल आणि आदिवासी पाडे होते. १९३६ मध्ये विजेवरच्या गाड्या बोरिवलीहून विरारपर्यंत आल्या. पण दादर, पार्ले, अंधेरी, बोरिवली ही उपनगरे भरून वाहू लागेपर्यंत वसईच्या खाडीपलीकडे राहायला जाण्याची मुंबईकराला गरज पडली नाही.

ती गरज घरकायद्यांनी निर्माण केली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात कोणाला रस उरला नाही. असलेल्या खोल्यांचे व्यवहार पागडीवर होऊ लागले. भाड्याचे घर दुर्मीळ झाल्यावर मालकीचा फ्लॅट हाच मार्ग राहिला आणि १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने त्याला चौकट दिली. किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी नोंदणीकृत करार, पुरेसे खरेदीदार झाल्यावर सहकारी गृहनिर्माण संस्था आणि शेवटी संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे व्यवहारातले ‘कन्व्हेयन्स’, या गोष्टी त्या कायद्यात आहेत. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने बृहन्मुंबईतील मोकळी जमीन ५०० चौरस मीटरच्या मर्यादेत आणली. जमीन गरजूंना मिळावी हा हेतू होता. प्रत्यक्षात कोर्टकचेऱ्या आणि सवलतींच्या घोळात बाजारातली जमीन कमी झाली आणि भाव चढले. १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाली आणि पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळण्याची सोय वाढत गेली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबे फुटू लागली. चाळीतली खोली विकायची, आलेल्या पैशाच्या भावाभावांत वाटण्या करायच्या आणि वाट्याला आलेल्या रकमेत बसेल तिथे घर घ्यायचे, हा क्रम घरोघरी घडला. त्या रकमेत बसणारे घर नालासोपारा-विरारला मिळत होते.

ते स्वस्त का होते, हे जमिनीकडे पाहिले की कळते. कूळकायद्यानंतर इथली शेती लहान लहान खातेदारांत विभागलेली होती. बांधकाम व्यावसायिक पुष्कळदा जमीन पूर्ण विकत घेत नसे. शेतकऱ्याशी विकसनाचा करार करून कुलमुखत्यारपत्र घेई आणि त्याच्या जोरावर फ्लॅट विकी. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राही. शेतजमिनीवर इमारत बांधण्यासाठी महसूल खात्याची बिनशेती परवानगी, म्हणजे ‘एनए’, लागत असे. तिच्या जागी ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून किती तरी इमारती उभ्या राहिल्या. रस्ता, गटार, पाण्याची वाहिनी यांचा खर्च कोणीच केलेला नव्हता. जागेचा स्वच्छ हक्क, परवानग्या आणि नागरी सोयी यांवर वाचलेला पैसा फ्लॅटच्या दरात दिसत होता. न झालेला हा खर्च पुढे खरेदीदाराला स्वतः करावा लागला.

१९८० आणि १९९० च्या दशकांतला एक नेहमीचा व्यवहार असा असे. लोकलच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात स्टेशनपासून पाच मिनिटांवर घर असल्याचे सांगे. ही पाच मिनिटे सहसा रिक्षाची असत. रविवारी नवरा-बायको साइट ऑफिसात येत. दर ‘सुपर बिल्टअप’वर सांगितला जाई. जिना, भिंती आणि मोकळा पॅसेजही त्यात मोजलेला असल्याने अडीचशे चौरस फुटांचे ‘वन रूम किचन’ आतून मोजले की बरेच कमी भरे. टोकन देऊन फ्लॅट अडवायचा, मग जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांनी हप्ते भरायचे. रकमेचा एक भाग ‘व्हाइट’, एक भाग रोख. बायकोचे दागिने, भविष्यनिर्वाह निधीची उचल, पतपेढीचे कर्ज आणि नातेवाइकांचे हातउसने यांतून पैसे जमत. ताबा मिळे तेव्हा वायरी भिंतीबाहेर लोंबत असत आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओसी’, ‘लवकरच येईल’ असे उत्तर मिळे. घरभाड्यापायी घाई झालेले कुटुंब ताबा घेऊन टाकी. हप्ते फिटले की बांधकाम व्यावसायिकाला संस्था नोंदवण्याची किंवा कन्व्हेयन्स देण्याची घाई उरत नसे.

पैसा असा झपाट्याने फिरू लागल्यावर जमिनीवरून टोळ्याही आल्या. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाचा गोळ्या घालून खून झाला. हा खटला वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत गाजला आणि विरार-नालासोपारा म्हणजे दहशत हे समीकरण मुंबईकरांच्या मनात बसले. त्याच सुमारास तालुक्याच्या पश्चिम भागात ‘हरित वसई संरक्षण समिती’चे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे प्रमुख नेते होते. पुढे ते ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हरितपट्ट्यातली बांधकामे आणि बागांच्या विहिरींतून टँकरने होणारा पाण्याचा उपसा, हे आंदोलनाचे मुख्य मुद्दे होते. नव्या इमारतींना पाणी पुरवणारे टँकर ज्या विहिरींवर भरत, त्याच विहिरींवर जुन्या रहिवाशांच्या वाड्या उभ्या होत्या. पश्चिमेचा हिरवा पट्टा या विरोधामुळे काही अंशी टिकला. पूर्वेला आचोळे, तुळींज, संतोष भुवन, धानिव बाग, पेल्हार या पट्ट्यात तसा अडसर नव्हता, म्हणून दाट वस्तीचा भार तिकडे गेला.

शासनाने १९९० मध्ये सिडकोला वसई-विरार उपप्रदेशाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. विकास आराखड्याला मंजुरी मिळाली २००७ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत माणसे थांबली नव्हती. २००१ च्या जनगणनेत नालासोपाऱ्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८४ हजार, तर विरारची सुमारे १ लाख १९ हजार होती. आराखड्यात शाळा, उद्यान किंवा रस्त्यासाठी राखलेल्या जागांपैकी कित्येकांवर तोवर चाळी आणि इमारती झाल्या होत्या. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका स्थापन झाली. २०११ मध्ये तिच्या हद्दीत १२ लाख २१ हजार लोक राहत होते. पोलीस यंत्रणा त्याहूनही मागे राहिली. एवढे मोठे शहर ठाणे ग्रामीण आणि २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्याच्या पोलिसांकडे होते. मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले.

रोजच्या जगण्यात घराची उरलेली किंमत लोकलमध्ये मोजावी लागे. रस्त्याने मुंबईला जायचे तर घोडबंदरचा वळसा, म्हणून सगळा भार रेल्वेवर. बोरिवलीच्या पुढे अनेक वर्षे दोनच मार्ग होते आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यांवरूनच धावत. नालासोपाऱ्याच्या प्रवाशाने एक रीत बसवली : सकाळी उलट दिशेच्या गाडीत बसून विरार गाठायचे आणि तीच गाडी चर्चगेटला निघाली की जागेवर बसून राहायचे. याला ‘रिटर्न’ म्हणतात. संध्याकाळी विरार लोकलमध्ये बोरिवलीचा प्रवासी शिरला तर त्याला उतरायला वाट न देणे, हीही एक अलिखित शिस्त झाली. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेली महिला विशेष गाडी पुढच्या वर्षी विरारपर्यंत वाढवण्यात आली. २००७ मध्ये बोरिवली-विरार चौपदरीकरण पूर्ण झाले आणि २००९ पासून पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या. या दोन सुधारणांनंतर विरारचे अंतर घड्याळात कमी झाले आणि भाव वर सरकले. पाण्यासाठी सूर्या धरणाची योजना आली, तरी टँकर पूर्ण गेले नाहीत. सखल मिठागरे आणि नैसर्गिक नाले यांवर भराव झाल्याने पावसाळ्यात पाणी तुंबते. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढून नालासोपाऱ्याजवळ रेल्वेसेवाच बंद पडली होती.

बदनामीचा थेट परिणाम घराच्या व्यवहारावरही झाला. काही वित्तसंस्था विशिष्ट वस्त्यांना ‘निगेटिव्ह एरिया’ मानून कर्ज नाकारत. मग खरेदीदार जास्त व्याजाच्या लहान कंपन्यांकडे किंवा सरळ रोखीच्या व्यवहाराकडे वळे. रोखीच्या व्यवहारात बँकेचा वकील कागद तपासत नाही, त्यामुळे सदोष इमारतींना ग्राहक मिळत राहिले. तीन कागदांवर लोकांचा फाजील विश्वास होता. पहिला नोंदणीकृत करार : दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, इमारत अधिकृत आहे याची हमी देत नाही. दुसरे वीजबिल : ते वीज वापरल्याचा पुरावा आहे, बांधकाम परवानगीचा नाही. तिसरी घरपट्टीची पावती : महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ नुसार त्यावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती आकारता येते, पण ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

या विश्वासाची किंमत नालासोपारा पूर्वेला दिसली. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या भूखंडावर ४१ इमारती उभ्या राहिल्या, विकल्या गेल्या आणि भरल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एका अनधिकृत चारमजली इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला.

१ मे २०१७ पासून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, व्यवस्था लागू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. सुपर बिल्टअपचा खेळ त्यामुळे कायद्याने संपला. तरी नोंदणी क्रमांक म्हणजे सर्व काही नव्हे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेरा क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सातबारा व फेरफार, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि विकास आराखड्यातले आरक्षण ही पाच कागदपत्रे मूळ कार्यालयातून पडताळून घेण्याला आजही पर्याय नाही.

१९८० च्या दशकात बांधलेल्या इमारती आता चाळिशीच्या आसपास आल्या असून पुनर्विकासाला आल्या आहेत. ज्या संस्थांकडे कन्व्हेयन्स आहे त्या आपल्या जमिनीवर करार करू शकतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना २००८ पासून उपलब्ध असलेल्या मानीव अभिहस्तांतरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जासाठी घर घेताना झालेला नोंदणीकृत करार, संस्थेचे नोंदणीपत्र आणि मंजूर नकाशे पुन्हा शोधावे लागतात.