नदीवरचं बंदर: बोर्दो आणि आपलं राजापूर

वाईनमुळे फ्रान्समधलं बोर्दो सगळ्यांना ठाऊक असतं. समुद्रापासून बरंच आत, गॅरोन नदीच्या वळणावरचं हे बंदर २००७ साली जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्याकडे असं काही बघायचं तर कोकणात राजापूरला जावं!

राजापूर अर्जुना नदीवर. गलबतं जैतापूरच्या खाडीतून आत यायची, घाटावरचा माल अणस्कुरा घाटाने खाली उतरायचा. म्हणून तर इंग्रजांनी इथे वखार घातली, मागोमाग फ्रेंचांनीही. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी १६६१ साली इथेच चुकता केला. वखार लुटली, हेन्री रेव्हिंग्टन आणि साथीदार कैदेत गेले.

मग हे बंदर संपलं कशामुळे? गाळामुळे! नदी उथळ होत गेली आणि गलबतं गावापर्यंत येईनाशी झाली. बोर्दोतही मालाची मोठी जहाजं आता शहराच्या खालच्या अंगालाच थांबतात, पण जुना नदीकाठ त्यांनी जपलाय. आपल्याला अर्जुना आठवते ती पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरलं की. बंदर परत येणार नाही हो, पण जिच्यामुळे गाव वसलं त्या नदीतला गाळ तरी दरवर्षी निघायला हवा की नको?