एक घर, एक संच : आकाशवाणीचा दिवस

विसाव्या शतकाच्या मध्यावर मध्यमवर्गीय घरात रेडिओची जागा ठरलेली असे. बाहेरच्या खोलीतील उंच फळीवर किंवा कोनाड्यात, भरतकाम केलेल्या कापडाच्या झाकणाखाली मर्फी, फिलिप्स वा बुश बनावटीचा लाकडी संच विराजमान झालेला असे. आत काचेच्या निर्वात नळ्या असत. बटण फिरवल्यावर त्या तापेपर्यंत थोडा वेळ थांबावे लागे आणि मग आवाज हळूहळू उमटू लागे. छपरावर एरिअलची तार ताणलेली असे. संच बाळगण्यासाठी दरवर्षी पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. इतक्या खर्चाची आणि खटाटोपाची वस्तू घरात एकच असणार, हे उघड होते. ती एकच होती, म्हणूनच ती सर्वांची झाली. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एका वेळी एकच गोष्ट ऐकावी लागे. त्या काळच्या कौटुंबिक करमणुकीचे सारे वैशिष्ट्य या साध्या अडचणीत दडलेले आहे.

ज्या नावाने ही करमणूक घरोघरी ओळखली गेली, ते नाव कानडी मुलखातून आले, हे मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसा प्रक्षेपक बसवून खाजगी केंद्र उभारले होते. त्याचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे हे केंद्र म्हैसूर संस्थानाने चालवावयास घेतले. १९५५ मध्ये ते बेंगळूरला आले आणि १९५७ पासून ‘आकाशवाणी’ हे नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.

घराचा दिवस सुरू होई तो नभोवाणीच्या ओळखधुनीने. तानपुऱ्याच्या साथीवर व्हायोलिनचे स्वर छेडणारी ही धून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने रचली. नाझींच्या छायेतून सुटून मुंबईत आश्रयाला आलेला हा मध्य युरोपीय ज्यू गृहस्थ मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत असे. लाखो भारतीय घरांची सकाळ एका निर्वासिताच्या सुरांनी उजाडत होती. त्यानंतर भक्तिगीते, मग बातम्या. बातम्यांच्या वेळी घरातील घड्याळे जुळवली जात आणि कर्त्या पुरुषाच्या एका कटाक्षाने मुले गप्प बसत. दुपारी पुरुष कचेरीत आणि मुले शाळेत गेली की संच स्त्रियांच्या ताब्यात येई. मुंबई केंद्राचे ‘वनिता मंडळ’ ऐकता ऐकता निवडणे-टिपणे चाले. संध्याकाळी ‘कामगार सभा’, रात्री श्रुतिका आणि ‘आपली आवड’ असा क्रम असे. मुलांसाठी ‘गंमत जंमत’ होते. प्रत्येकाची एक वेळ ठरलेली होती, पण ती वेळ इतरांच्याही कानावर पडतच असे. आजीला क्रिकेटचे समालोचन ऐकावे लागे, नातवाला कीर्तन. न मागितलेले ज्ञान असे नकळत पदरात पडत गेले.

या घरगुती सलोख्यात भांडणेही होती. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि उत्तमोत्तम गवई सामान्य माणसाच्या घरात पोहोचले. मात्र चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ दार बंद केले. परिणाम असा झाला, की तरुण मंडळींनी संचाचा काटा सिलोनकडे वळवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज बुधवारच्या रात्रीचा मानकरी ठरला. वडिलांना राग आणि मुलांना गीतमाला, असा पेच घरोघरी पडला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने श्रोत्यांच्या आवडीपुढे मान तुकवली. लोकांनी काय ऐकावे हे वरून ठरवता येते, पण त्यांनी कान द्यावा अशी सक्ती करता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

शिकवणे आणि रंजवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात, हे पुणे केंद्राने त्याच सुमारास दाखवून दिले होते. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकारातून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असे दर आठवड्याला एक नवे गीत प्रसारित होई. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ वर गेली आणि मालिका १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला संपली. गीताच्या वेळी कित्येक घरांत संचाला हार घातला जाई. शेजारीपाजारी येऊन बसत. ज्याच्याकडे संच नव्हता, त्यालाही या श्रवणात वाटा मिळाला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना मात्र हे सुख सहज लाभत नसे. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि त्याहून उंच थरावर आपटून लहरी शेकडो मैल दूर जाऊन पडतात. त्यामुळे मुंबईचे मध्यम लहरींवरील मराठी शब्द बेंगळूरपर्यंत पोहोचण्याची वेळ म्हणजे रात्र. तीही खरखरीतून वाट काढत, मध्येच विरत. दिवसभर कानावर कन्नड आणि रात्री अशी धूसर मराठी! पण या दोन्हींत वैर नव्हते. १९५० मध्ये सुरू झालेल्या धारवाड केंद्राशी मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखे गायक निगडित होते. कन्नड घरात वाढलेले मन्सूर मराठी नाट्यपदे तितक्याच तन्मयतेने गात. गदगकडचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले आणि मराठी अभंग घराघरांत घेऊन गेले. सुरांना राज्यांच्या सीमा ठाऊक नव्हत्या.

या सामूहिक श्रवणाचा शेवट जवळ आणण्यातही बेंगळूरचा हात होता. १९५४ मध्ये येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या नळ्या आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे अर्धवाहक सुटे भाग बनवण्यास आरंभ केला. ट्रान्झिस्टर आला. संच हलका आणि स्वस्त झाला, फळीवरून उतरून शेतात, गिरणीत, पानाच्या ठेल्यावर पोहोचला. ज्यांना तो कधी परवडला नसता, त्यांच्याही हाती आला. हा लाभ मोठाच होता. मात्र तो प्रत्येकाच्या हाती गेला, तेव्हा एकत्र बसण्याचे कारण संपले.

तेव्हा तळ्याकाठचे खेडे असलेले बेळ्ळंदूर आज उंच इमारती आणि संगणक कंपन्यांनी वेढलेले आहे. तेथील मराठी घरात महाराष्ट्रातील कोणताही कार्यक्रम क्षणात, स्वच्छ ऐकू येतो. सूर्य मावळण्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु त्याच घरात चौघांच्या कानांत चार वेगळे आवाज असतात आणि लहान मुलाच्या कानी मराठी अनायासे पडत नाही. श्रवण, भाषण, वाचन, लेखन या भाषाशिक्षणाच्या चार पायऱ्यांत श्रवणाची पायरी पहिली. शाळा उरलेल्या तिन्ही पायऱ्यांवर मुलाचा हात धरू शकते. पहिली पायरी मात्र घरातच चढावी लागते. आजोबा, आई, वडील आणि मूल यांनी दिवसातील पंधरा मिनिटे एकच गोष्ट एकत्र ऐकली आणि नंतर तिच्याविषयी चार शब्द बोलले, तरी ती चढली जाते. गीतरामायणाच्या प्रत्येक गीताचा प्रसारणकाळ तेवढाच होता.