सेवा आणि चळवळ : लोखंडे यांच्या चरित्रातील एक धडा



माझे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले; पुढचे कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता एक जुना वाद आपल्यापुढे ठेवतो. सेवाभावी मंडळी म्हणतात, ‘मोर्चाने कुणाचे अश्रू पुसले जात नाहीत.’ आम्ही चळवळे म्हणतो, ‘आभाळच फाटले आहे, ठिगळ कुठे कुठे लावणार?’

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांच्या चरित्रात या वादाला जागाच उरत नाही. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. त्या काळी मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार, या त्यांतल्या मागण्या. सुट्टी मिळण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. आपण आज रविवारी दुपारी निवांत पडतो, त्यामागे ही सहा वर्षांची खटपट आहे.

पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याची सोय लावावी. ही सेवा की चळवळ? मला वाटते, जखमी माणसाच्या उशाशी बसल्यावाचून ही मागणी सुचत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. लोखंडे मागे राहिले, रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात पुढे झाले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. अर्ज लिहिणारा हात आणि रुग्णाला उचलणारा हात निराळा नव्हता.

नारायण मल्हार जोशी दुसऱ्या टोकाकडून निघाले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने चालविले. १९२० साली आयटकच्या स्थापनेत ते होते. १९२६ साली गिरणी कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष झाले. सेवाच त्यांना युनियनच्या दारापर्यंत घेऊन आली. दरम्यान १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. १८८४ साली मागितलेल्या गोष्टीला कायद्याचा आधार मिळण्यास ३९ वर्षे लागली. पण उपकार होता तो हक्क झाला.

आता माझी चूक सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी एका सोबत्याची तीन बोटे यंत्रात गेली. मी दारावर सभा गाजविली, भरपाईचा दावा लावला. त्याच्या घरी मात्र पंधरा दिवसांनी गेलो. त्याची आई म्हणाली, “भाऊ, तुमचं भाषण लई चांगलं झालं म्हणत्यात. पर त्याला घास भरवाया शेजारीण आली.” दावा आम्ही जिंकला. तो सोबती पुन्हा सभेला आला नाही.

पण शेजारणीचा घास कितीही मायेचा असला, तरी त्या यंत्राला जाळी बसवीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गावोगाव परप्रांतीय मजुरांना लोकांनी मोठ्या मनाने जेवू घातले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९७९ सालीच झाला होता. मग इतके लोक कुणाच्याच वहीत कसे नव्हते, हे ताट वाढताना आपल्यापैकी कितींनी विचारले? मीही तेव्हा विचारले नाही.

म्हणून माझी दोघांनाही विनंती आहे. सेवेकऱ्याने जखम बांधताना ती कशाने झाली ते विचारावे. आणि आम्ही चळवळ्यांनी सभा आटोपल्यावर, घरी परतण्याआधी, त्या जखमीच्या दारावरून जावे.