जलसंजीवनी: एका पुडीची कुळकथा

अंगणवाडीच्या कपाटात, आशाताईंच्या पिशवीत, आरोग्य उपकेंद्रात आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक पुडी हमखास सापडते. आत पांढरी भुकटी, साडेवीस ग्रॅम. ती लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवायची आणि जुलाबानं गळून गेलेल्या लेकराला चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. जगभर तिला ओआरएस म्हणतात. मराठीत तिचं नाव जलसंजीवनी. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या मिळवताना कचाला तीनदा मरावं लागलं होतं. या संजीवनीपर्यंत पोहोचेतो किती माणसं गेली, याला गणतीच नाही.

ज्या आजारावर ती शोधली गेली त्याची आणि आपली ओळख जुनी. मराठीत त्याला मोडशी म्हणत. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी हाच शब्द उचलला आणि आपल्या उच्चारात बसवला. गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या आजाराचं वर्णन आहे. पुढं पटकी, कॉलरा ही नावं रुळली, गावाच्या वेशीवर जरीमरीला नवस बोलले जाऊ लागले. जोराच्या पटकीत अंगातून तासाला लिटरभर पाणी निघून जाऊ शकतं. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी हाताला लागेनाशी होते. सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत उरत नाही.

गेलेलं पाणी परत भरलं तर माणूस वाचतो, हे डॉक्टरांना फार आधी उमगलं होतं. स्कॉटलंडमधल्या थॉमस लाट्टा यांनी १८३२ मध्येच रुग्णाच्या शिरेत मिठाचं पाणी सोडून पाहिलं होतं. पण सलाइनला निर्जंतुक बाटल्या लागतात, सुया लागतात, शीर शोधणारा शिकलेला हात लागतो, आणि पटकी नेमकी तिथंच येते जिथं यातलं काहीच नसतं. तोंडानं पाणी पाजावं, तर ते आतड्यातून तसंच वाहून जातं. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये १८६ रुग्णांना आधी उलटी थांबवण्याचं औषध आणि मग मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेखही आला. पण हे पाणी आत का टिकतं, हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

ते कारण १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत पुढं आलं. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं मांडलं की आतड्याच्या भिंतीत साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारी एक वाट आहे. ती दोघं आत शिरली की त्यांच्यामागोमाग पाणीही शिरतं. पटकीचं विष आतड्याला पाणी बाहेर टाकायला लावतं, पण या वाटेला ते धक्का लावू शकत नाही. तेव्हा पुडीतली साखर तोंडाला चव यावी म्हणून नसते, अंगात तरतरी यावी म्हणूनही नसते. मिठाला आत नेणारी सोबतीण म्हणून ती असते. म्हणूनच प्रमाण जपावं लागतं. साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते. १९६२ मध्ये फिलिपिन्समध्ये अमेरिकी नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांच्या चाचणीत मिश्रणाचं प्रमाण चुकलं आणि पाच रुग्ण दगावले. त्या मृत्यूंनी या वाटेवरची पावलं बराच काळ अडखळली. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी एक साधा नियम धरला: अंगातून जेवढं गेलं तेवढं मोजायचं आणि तेवढंच पाजायचं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. तरीही हे सगळं इस्पितळात, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली चाललेलं होतं.

मग १९७१ उजाडलं. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींपासून जीव वाचवत सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा तोंडावर, छावण्यांत चिखल, आणि जून महिन्यात पटकी. सीमेलगतच्या बनगावच्या इस्पितळात पोहोचलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांना दोन खोल्या दिसल्या, रुग्णांनी खच्चून भरलेल्या. खाटा केव्हाच संपल्या होत्या. माणसं जमिनीवर पडलेली, आणि त्यांना सलाइन लावायचं तर त्यांच्याच घाणीत गुडघे टेकावे लागत. महालनबीस बालरोगतज्ज्ञ, कलकत्त्यातल्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रात पटकीवरच संशोधन करणारे. त्यांचा जन्म किशोरगंजचा, म्हणजे ही माणसं जिथून पळून येत होती त्याच मुलखातला.

दोन दिवसांत त्यांना कळून चुकलं की सलाइन पुरणार नाही, सलाइन लावणारे हातही पुरणार नाहीत. उरलं होतं ते तोंडानं पाजायचं पाणी. इस्पितळाबाहेर, डॉक्टरी देखरेखीवाचून ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणीच देऊन पाहिलं नव्हतं. त्यांनी ते द्यायचं ठरवलं.

कलकत्त्याच्या केंद्रात पुड्या बांधायचं काम सुरू झालं. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माप घालायचं आणि पिशवीचं तोंड गरम इस्त्रीनं चिकटवायचं. छावणीत हे मिश्रण मोठ्या पिंपांत कालवून ठेवलं जाई. पिंपापाशी येऊन मग भरून नेणारे होते रुग्णांचे नातेवाईक: आई, भाऊ, नवरा, शेजारच्या चटईवरचा कुणी. सलाइनच्या बाटल्या अगदी अखेरच्या घटका मोजणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. बाकीच्यांना त्यांच्या माणसांनी पाजलं. उलटी झाली की थोडं थांबून पुन्हा पाजलं.

आठ आठवड्यांत साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांवर असे उपचार झाले. छावण्यांत पटकी झालेल्या शंभरांतले वीस-तीस जण दगावत होते. महालनबीसांच्या रुग्णांत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. ज्यांच्या हाती काहीच उरलं नव्हतं, घर नाही, शेत नाही, उद्याचा भरवसा नाही, त्यांच्याच हातांनी हे घडवलं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. चटर्जींपासून कॅशपर्यंत विद्या तयार होत आली होती. अडलं होतं ते एका प्रश्नाशी: जीव वाचवण्याचं काम आईच्या हाती सोपवायचं का? बनगावला दुसरा पर्यायच नव्हता म्हणून ते सोपवलं गेलं, आणि ती त्या विश्वासाला उतरली.

जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ छावणीत येऊन हे पाहून गेले. बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही या पाण्याची कृती सांगितली गेली. १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं जुलाबाविरुद्धच्या मोहिमेत या पुडीला मध्यभागी ठेवलं. पुढं बनगावचा धडा सर्वांत नेटानं गिरवला तो बांगलादेशानंच. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि चुलीपाशी बसून बायकांना शिकवत राहिल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. वजनकाटा नाही, पुडी नाही. माप बाईच्या स्वतःच्या हातात. त्या बाईच्या कितपत लक्षात राहिलं, हे महिन्यानं कुणीतरी येऊन तपासत असे, आणि शिकवणारीचा मेहनताना त्यावर ठरत असे.

आपल्याकडेही घरगुती माप ठरलेलं आहे: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ते घराघरात पाठ असायला हवं. कारण अजूनही जगात जुलाब लागलेल्या मुलांपैकी निम्म्यांनाही हे पाणी मिळत नाही, आणि अजूनही पुष्कळ घरांत जुलाब लागले की पाणी तोडतात.

दिलीप महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये कोलकात्यात वारले. पुढच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा अनेक भारतीयांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्राप्रमाणे हल्लीच्या पुडीत ग्लुकोज आणि मीठ कमी असतं, पोटॅशियम असतं, सोड्याच्या जागी सायट्रेट असतं. पण कृती तीच. या पुडीचं घराणं प्रयोगशाळांतलं असलं, तरी तिचं आजोळ बनगावच आहे. मध्यरात्री तापानं आणि जुलाबानं मलूल झालेलं मूल मांडीवर घेऊन एखादी आई वाटी-चमचा हातात धरते, मुलानं ओकून टाकलं तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा पहिला घोट देते, तेव्हा पिंपापाशी मग भरणाऱ्या त्या बायकांचं काम ती पुढं चालवत असते.