शब्दवेध : ‘हार्बर’ची रुळांवरची वाट

पनवेल स्टेशनात ‘हार्बर लेट आहे का?’ असं विचारा. समोरचा खाडीकडे नाही, इंडिकेटरकडे बघतो. इंग्रजीतल्या बंदराची आपण लोकल करून टाकली आहे.

पण मुळात हा शब्द बंदराचाही नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘हेरे’ म्हणजे सैन्य आणि ‘बेओर्ग’ म्हणजे आसरा. दोन्ही मिळून लष्कराचा मुक्काम. पुढे त्यातले सैनिक गळाले आणि कुणाही वाटसरूची उतरायची जागा ‘हार्बर’ झाली. मग हा निवारा जहाजांपुरता उरला. क्रियापदाने मात्र जुना अर्थ सोडला नाही. गुन्हेगाराला थारा देणं म्हणजे ‘हार्बरिंग’. भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ मध्ये हाच शब्द होता. ‘हार्बिंजर’ही त्याच कुळातला. आधी तो पुढे जाऊन मुक्कामाची सोय लावणारा माणूस होता, आता येऊ घातलेल्या गोष्टीची वर्दी देणारा झाला.

मुंबईत बंदराच्या बाजूने जाणारा मार्ग म्हणून रेल्वेने हे नाव घेतलं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला धावली. १९९२ मध्ये हार्बर खाडी ओलांडून वाशीला आली आणि १९९८ मध्ये पनवेलला.

गंमत म्हणजे पनवेल हे खाडीकाठचं जुनं बंदर. पण तेव्हा त्याला कुणी हार्बर म्हटलं नाही. व्युत्पत्ती शब्दाचं कूळ सांगते, अर्थ मात्र बोलणारेच ठरवतात.