ढाल, माडू, फरी: मराठी शस्त्रविद्येतील बचाव

१/ मराठ्यांच्या तलवारीचे कौतुक फार झाले, ढालीचे थोडे. वास्तविक वार पात्यावर घेणे ही आपल्याकडे गौण रीत. धार जपायची आणि वार झेलायचा तो ढालीवर.

२/ ढाल बहुधा गेंड्याच्या वा म्हशीच्या कातड्याची, गोल आणि फुगीर. फुगवटीमुळे वार रुतत नाही, घसरून बाजूला जातो. दर्शनी चार फुल्या केवळ शोभेच्या नव्हेत. आतील मुठीच्या कड्या त्यांनीच जखडलेल्या असतात.

३/ निःशस्त्र कराटेतही डोक्यावरचा वार उचललेल्या हाताने वळवतात. तत्त्व तेच: आघात सोसायचा नाही, त्याची दिशा बदलायची.

४/ माडू म्हणजे लहान ढालीला जोडलेली काळविटाची दोन शिंगे. वार अडवणारा हातच भोसकतो. दांडपट्ट्याचे उलट. लोखंडी खोबळ्यात मनगट जखडलेले; म्हणून पट्टेकरी वार अडवत बसत नाही, फिरत्या पात्याने शत्रूला दूरच ठेवतो.

५/ १८७८ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना लागू लागला. तालमींत मात्र फरी-गदग्याचा खेळ टिकला: हाती छोटी फरी आणि चामड्याने मढवलेली काठी. ढाल-तलवारीचे सारे पवित्रे त्यात घोटता येत, जीव न गमावता.

६/ आज मिरवणुकीत पट्ट्याने लिंबू कापले की टाळ्या पडतात. लिंबू उलटा वार करीत नाही. बचाव शिकायला मात्र समोर खरा वार करणारा जोडीदार लागतो. ती जोडी सुटली, तर देखावा उरेल. विद्या निम्मी होईल.