दोनशे कांबळी

आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात येणाऱ्या प्रवाशापुढे एका दिवसाच्या सहलीत बहुधा दोन गोष्टी मांडल्या जातात : देवमासे आणि त्लिंगिट संस्कृती. हवाईच्या उबदार पाण्यात हिवाळा काढलेले हंपबॅक देवमासे अन्नासाठी इकडे येतात. काही जण मिळून पाण्याखालून बुडबुड्यांचे कडे उभारतात, त्यात हेरिंग मासळी कोंडतात आणि जबडे उघडून एकदम वर उसळतात. नौका किनाऱ्याला लागली की मग कोरीव स्तंभ, नृत्य, कुळांच्या कथा. निसर्ग एका खणात, संस्कृती दुसऱ्या खणात. या दोन खणांमधली भिंत किती कृत्रिम आहे, हे ॲडमिरल्टी बेटावरील अँगून या गावाचा इतिहास सांगतो.

१८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरना विकत घेतला. मोजक्या ठाण्यांपलीकडे ज्यांची सत्ता कधी पोहोचली नव्हती, त्यांनी आमची भूमी विकलीच कशी, हा त्लिंगिटांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. १८८४ पर्यंत तेथे मुलकी शासन नव्हते. १८७९ पासून कारभार नौदलाच्या हाती होता. अँगूनजवळ किलिस्नू येथे नॉर्थवेस्ट ट्रेडिंग कंपनीचे ठाणे होते. कंपनी देवमाशांची शिकार करी आणि त्या कामावर त्लिंगिट माणसे असत. ऑक्टोबर १८८२ मध्ये शिकारी नौकेवर हार्पूनच्या बंदुकीचा स्फोट होऊन एक त्लिंगिट मरण पावला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव टिथ क्लेन असे आढळते. तो शमन होता, म्हणजे समाजात मोठ्या मानाचा पुरुष.

त्लिंगिट न्यायात मृत्यू अपघाती असला तरी जबाबदार पक्षाने मृताच्या कुळाला भरपाई द्यावी लागते. त्यानुसार दोनशे कांबळी मागण्यात आली. कंपनीने सिटका येथील नौदलाकडे धाव घेतली. कमांडर मेरीमन याने मागणी फेटाळली आणि उलट अँगूनकरांवरच चारशे कांबळ्यांचा दंड बसवला. तो पुरा न झाल्याने २६ ऑक्टोबर १८८२ रोजी होड्या फोडण्यात आल्या, गावावर तोफा डागण्यात आल्या, घरे व हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न जाळण्यात आले. त्लिंगिट परंपरेनुसार सहा मुले त्या दिवशी दगावली. पुढच्या थंडीत भूक आणि उघड्यावरचे जिणे यांनी आणखी माणसे नेली.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. नौदलाच्या कथनात गोऱ्या कामगारांना ओलीस धरून खंडणी मागणारे बंडखोर आहेत. अँगूनच्या कथनात शोकासाठी काम थांबवून भरपाई मागणारे शेजारी आहेत. ‘खंडणी’ की ‘भरपाई’, या एका शब्दावर सारा प्रसंग फिरतो. एक कथन सरकारी दफ्तरात सुरक्षित राहिले. दुसरे पिढ्यान्‌पिढ्या मुखातून मुखात आले, म्हणून त्याला दीर्घकाळ केवळ ‘आख्यायिका’ मानले गेले.

वास्तविक या समाजात कथा ही मालमत्ता असते. कुळे मातृवंशीय आहेत. कुळाचे चिन्ह, गीत, कथा, शिरोभूषण या साऱ्यांना मिळून ‘अट.ऊव’ म्हणतात. दुसऱ्या कुळाची कथा परवानगीवाचून सांगणे हा अपराध. ओर्का हे दक्लावेदी कुळाचे चिन्ह आहे. मराठीत ‘टोटेम’साठी ‘देवक’ हा शब्द योजण्याचा प्रघात आहे, आणि कुळाशी असलेले नाते पाहता तो जवळचाही आहे; परंतु देवकाची पूजा होते, स्तंभावरील ओर्काची होत नाही. तो कुळाच्या पूर्वजांवर काय गुदरले याची नोंद असतो. प्रवासी ज्याला शोभेचे कोरीवकाम समजतो, ते एका अर्थी दफ्तरच आहे.

त्या दिवशी गावाबाहेर असल्याने एक होडी वाचली. तिच्यातून मासे आणून उरलेल्यांनी हिवाळा काढला. तिच्या नाळेवरचे बीव्हर-शिल्प पुढे बेपत्ता झाले आणि १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात भेट देणाऱ्या त्लिंगिट ज्येष्ठांनी ते ओळखले. ते अँगूनला परत आले. शंभर वर्षे कोणी लिहून ठेवली नव्हती ती ओळख, तरी पुसली गेली नव्हती.

१९७३ मध्ये सरकारने ९० हजार डॉलरची भरपाई दिली, माफी मागितली नाही. स्मरणदिनी ‘माफी मागायला नौदलाकडून कोणी आले आहे का?’ असे तीनदा विचारले जाई आणि उत्तरादाखल शांतता पसरे. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे बरोबर १४२ वर्षांनी, नौदलाच्या अधिकाऱ्याने अँगूनमध्ये उभे राहून ती माफी मागितली. भरपाईची मागणी खंडणी नव्हती, हे मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

याच पाण्यात आज हंपबॅकचे शेपूट वर येते आणि कॅमेरे सरसावतात. ते दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. मात्र हार्पूनच्या त्या स्फोटाची हकीकत त्याच नौकेवर सांगितली गेली, तर दुपारी दिसणारा स्तंभ प्रवाशाला वेगळा वाचता येईल.